कॉर्नवॉलिस पुढे कुठे गेला?

आमच्याकडे सध्या ‘एपुश’चं वर्ष आहे. ‘एपी यूएस हिस्टरी’ला, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’मधल्या अमेरिकेच्या इतिहासाला, इथे अमेरिकेतली मुलं लाडाने किंवा वैतागून एपुश म्हणतात. कॉलेजच्या तोडीचा हा विषय हायस्कूलमध्येच घेता येतो. मे महिन्यात सव्वातीन तासांची परीक्षा असते आणि निकाल १ ते ५ अशा गुणांत लागतो. गुण बरे पडले तर पुढे बऱ्याच कॉलेजांत त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे देशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणिताखालोखाल याचीच चर्चा. आमची कन्या अकरावीत आहे. तिला इतिहास आवडतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला हल्ली वसाहती, चहा आणि बंदुका असतात.

अभ्यासक्रम सुरू होतो १४९१ पासून. कोलंबस आला १४९२ मध्ये, म्हणजे तो येण्याआधी इथे कोण होतं, काय पिकवत होतं, हे आधी शिकायचं. मग १६०७ चं जेम्सटाउन, तिथली उपासमार, तंबाखूने सावरलेली वसाहत. १६१९ चा उन्हाळा शिक्षकांनी मुद्दाम सावकाश घेतला. व्हर्जिनियात निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा त्याच उन्हाळ्यात भरली आणि काही आठवड्यांतच गुलाम म्हणून विकायला आणलेल्या आफ्रिकन माणसांचं जहाजही तिथेच लागलं. दोन्ही गोष्टी एकाच तासात शिकवल्या. सोय म्हणून वेगवेगळ्या धड्यांत टाकल्या नाहीत, हे मला आवडलं.

आम्ही बॉस्टनजवळ राहतो, त्यामुळे पुढचा भाग लोकल पकडून बघता येतो. जुन्या स्टेट हाउसच्या सज्जाखाली, भर रहदारीत, दगडांचं एक वर्तुळ आहे. ऑफिसला जाणारे लोक हातात कॉफी घेऊन त्यावरून जातात. ५ मार्च १७७० च्या रात्री याच चौकाच्या आसपास इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि पाच माणसं मेली. त्यातला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकन आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी.

या एका रात्रीवर वर्गात कितीतरी दिवस गेले. धडा वाचा, प्रश्नोत्तरं लिहा, असं नाही. मुलांच्या हातात कागद दिले. एकात त्या शिपायांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन याची बाजू: जमाव दांडकी आणि बर्फाचे गोळे घेऊन अंगावर आला, मी गोळीबाराचा हुकूम दिलाच नाही. दुसऱ्यात शहरातल्या साक्षीदारांचे जबाब, अगदी उलट. तिसरं पॉल रिव्हिअरचं गाजलेलं चित्र. त्यात शिपाई शिस्तीत रांग धरून उभे, अधिकारी मागून तलवार उगारलेला, समोर निःशस्त्र सभ्य नागरिक. रात्र असूनही आकाश निळं आणि रस्त्यावर बर्फाचा मागमूस नाही. शिवाय हे चित्र रिव्हिअरने हेन्री पेलहॅम नावाच्या दुसऱ्या चित्रकारावरून उचललेलं. आपल्याकडे निवडणुकीच्या आधी फिरणाऱ्या फोटोंची आठवण झाली, दुसरं काय!

शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. आठांपैकी सहा सुटले. दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांनाही सोडलं. कायद्याचं राज्य म्हणून ही गोष्ट इथे अभिमानाने सांगतात. पण ॲडम्सचं भाषण मुलांना मुळातून वाचायला दिलं होतं. त्यात तो जमावाला टवाळ पोरं, काळे, आयरिश, परके खलाशी असं हिणवतो. म्हणजे मेले ते कोणी भले लोक नव्हते, असा सूर. वर्गात यावरून चांगलीच जुंपली म्हणे.

मात्र या पद्धतीचाही साचा होतोच. परीक्षेतल्या मोठ्या प्रश्नाला सात कागद आणि एक तास, त्यातली पंधरा मिनिटं वाचायला. कोणी लिहिलं, कोणासाठी, का, हे ठरलेल्या चौकटीत बसवलं की गुण. संशय कसा घ्यायचा याचंही गाइड मिळतं, आणि आमच्या घरात ते आहे.

मला खटकतं ते वेगळंच. हा सगळा इतिहास अटलांटिकच्या काठावर येऊन थांबतो. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या. चहा चीनचा, पण कंपनी आपलीच ती ईस्ट इंडिया. ती कर्जात का बुडाली होती, याच्या कारणांत १७७० चा बंगालचा दुष्काळही येतो. तो पुस्तकात नाही. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९ ऑक्टोबर १७८१ ला, यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसचं सैन्य शरण आलं. हा गृहस्थ आजारपण सांगून समारंभाला गेलाच नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला पाठवलं. त्यानंतर पुस्तकातून तो नाहीसाच होतो.

“आणि मग तो आपल्याकडे आला,” मी म्हटलं. १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला वेढा पडला तेव्हा निजामाची फौज आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा याच कॉर्नवॉलिसच्या बाजूने होत्या. टिपूला निम्मं राज्य द्यावं लागलं आणि दोन मुलं ओलीस ठेवावी लागली. त्याआधी, अमेरिकेत युद्ध चालू असतानाच, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला होता. मी सांगलीची, पटवर्धनांचं नाव ऐकतच वाढले, त्यामुळे मी जरा जास्तच रंगात आले.

“आई, हे परीक्षेत येणार नाहीये,” कन्या म्हणाली.

तरी सरावाच्या निबंधात तिने ते लिहिलं, कारण दिलेल्या कागदांबाहेरच्या पुराव्याला एक गुण असतो. तो गुण मिळाला नाही. प्रश्न अमेरिकेपुरता होता. पण शिक्षकांनी समासात लिहिलं की हे मला नवीन आहे, मूळ कागद मिळेल का?

ते वाचून सांगलीत आमच्या बाबांना भलताच चेव आलाय. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली आहेत. त्यातून श्रीरंगपट्टणच्या स्वारीची पत्रं शोधून बाबा रोज फोटो पाठवतात. इंग्रजी करायचं काम माझ्याकडे. “विज्ञापना ऐसीजे” पाशीच माझी गाडी अडलीय, आणि नात रोज विचारते, “आजोबा, हे कोणी कोणाला लिहिलंय, आणि का?”