फळीखाली काहीच नाही

पीएचडीचं दुसरं वर्ष संपत आलं होतं, तेव्हा विद्यापीठाच्या संशोधन-दिनात मी पहिल्यांदा पोस्टर लावलं. अमेरिकेत या दिवसाचं फार प्रस्थ आहे. सगळ्या विभागांतले ग्रॅज्युएट विद्यार्थी एका मोठ्या हॉलमध्ये ४८ बाय ३६ इंचांचं पोस्टर टाचून त्याच्या शेजारी उभे राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच चार वाक्यं दिवसभर ऐकवायची. आमच्या आयोजकांनी जागा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे दिल्या होत्या, त्यामुळे विभागांची पार खिचडी झाली. माझ्या डावीकडे नर्सिंगमधली पीएचडीची विद्यार्थिनी, उजवीकडे मार्केटिंगचा मुलगा. आपल्या विषयातलं कुणीच शेजारी नाही म्हणून मी खट्टू झाले होते.

माझा विषय सॅलमँडर. दिसायला पालीसारखा, पण नातं बेडकाशी. मी ज्याच्या मागे आहे तो लाल पाठीचा सॅलमँडर जेमतेम बोटाएवढा असतो. त्याला फुप्फुसं नसतात, तो ओल्या कातडीतून श्वास घेतो. त्यामुळे जमीन कोरडी पडली की तो खाली जातो आणि वर जंगल रिकामं वाटतं. पण ते रिकामं नसतं. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात बर्टन आणि लायकन्स यांनी १९७५ साली हिशेब मांडला. तिथल्या सगळ्या सॅलमँडरांचं एकत्रित वजन ऐन विणीच्या काळातल्या सगळ्या पक्ष्यांच्या जवळजवळ दुप्पट भरलं. पक्षी दिसतात, ऐकू येतात, त्यांच्यामागे दुर्बिणी घेऊन माणसं हिंडतात. त्यांच्याहून जड असलेलं हे सगळं गणगोत पालापाचोळ्याखाली बसून असतं.

त्यांना मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. जंगलात लाकडी फळ्या जमिनीवर टाकून ठेवायच्या. फळीखाली ओल टिकते, सॅलमँडर आसऱ्याला येतात. ठरलेल्या दिवशी जाऊन फळी उचलायची, मोजायचं, फळी अलगद परत ठेवायची. कमरेचा काटा ढिला होतो, एवढंच.

तर पोस्टरवर माझा नकाशा होता. जिथे सॅलमँडर मिळाले तिथे हिरवा ठिपका, जिथे नाही तिथे पांढरा, आणि खाली ऐटीत लिहिलेलं, ‘अनुपस्थित’. परीक्षक म्हणून आलेल्या एक वयस्कर बाई बराच वेळ ते बघत राहिल्या. मग एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे नाहीत, की तुम्हाला दिसले नाहीत?”

मी म्हटलं, दिसले नाहीत.

“मग असं का लिहिलंत?”

उत्तर नव्हतं. खरं तर होतं, आणि तेच जास्त लाजिरवाणं. परिसरशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली त्यावर सांख्यिकीय तोडगा मांडला, आणि तो शोधनिबंध मी पहिल्याच सत्रात वाचून, पिवळ्या पेनाने रंगवून, फाइलला लावला होता. त्याचा गाभा असा: एकाच जागी पुन्हा पुन्हा जा, आणि ‘कधी दिसला, कधी नाही’ या नोंदींतूनच तो दिसण्याची शक्यता काढा. समजा, सॅलमँडर तिथे असूनही एका फेरीत सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. एकदाच गेलात तर ७० टक्के वेळा हात हलवत परत याल. चार फेऱ्या केल्यात तरी चारही कोरड्या जाण्याची शक्यता उरते सुमारे २४ टक्के. माझ्या निम्म्या जागांवर मी दोनदाच गेले होते. म्हणजे ४९ टक्के. जवळजवळ नाणेफेक, आणि मी तिला ‘अनुपस्थित’ म्हणत होते.

बाई गेल्यावर डावीकडून हसू ऐकू आलं. मला वाटलं, माझ्यावरच. नर्सिंगवाली म्हणाली, “अगं, माझं पोस्टर वाच.”

तिचा विषय रुग्णालयातली हातांची स्वच्छता. हा प्रश्नही जुनाच. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज हात का धुवायचे हे कुणाला सांगावं लागत नाही. किती वेळा धुतात, हे मात्र कळत नाही. कारण वही घेऊन कुणी वॉर्डात उभं राहिलं की सगळे धुतात. निरीक्षक दिसत असला की आकडे वर जातात हे अनेक अभ्यासांत आढळलंय. म्हणून ती माणसाच्या नोंदी आणि सॅनिटायझरच्या यंत्रातल्या मोजणी-खटक्याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघत होती. “तुझे प्राणी तू आलीस की लपतात, माझे मी आले की गुणी होतात,” ती म्हणाली.

एवढ्यात मार्केटिंगवाला मध्ये पडला. त्याला राहवेना. पर्यावरणपूरक शिक्का असलेला माल घेणार का, असं विचारलं की भरपूर लोक हो म्हणतात. प्रत्यक्षात घेताना त्यातले बरेच गळतात. या दरीवरच त्याचा सगळा प्रबंध उभा आहे. त्याच्याकडून मी दोन गोष्टी ऐकल्या, ज्या मला कुणी आधी सांगायला हव्या होत्या.

एक म्हणजे १९३४ सालचा लापियरचा निबंध. हा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. तेव्हा चिनी लोकांबद्दल इथे उघड द्वेष होता. २५१ हॉटेलं-उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याने त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिकांनी नाही म्हटलं. या प्रयोगात खोट काढता येते (दारात उभं राहिलेल्याला उत्तर देणारा आणि पत्राला उत्तर देणारा माणूस एकच होता कशावरून?), पण माणसाला विचारणं आणि माणसाला बघणं यांतलं अंतर त्यातून लख्ख दिसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. अ‍ॅरिझोना विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजी यांनी १९७३ पासून टूसॉन शहरातल्या घरांचा कचरा उपसायला सुरुवात केली. जुन्या वस्तीच्या उकिरड्यावरून तिथली माणसं कशी जगत होती हे ओळखता येतं, तर आजच्यावरून का नको? घरोघरी विचारलेली उत्तरं आणि कचऱ्यातले डबे-बाटल्या ताडून बघितल्या, तर बिअरचा हिशेब जुळेना. लोक सांगत होते त्याच्यापेक्षा बाटल्या बऱ्याच जास्त. माझ्या फळीची ही सख्खी बहीणच म्हणायची.

त्यानंतर आम्ही तिघं दर पंधरवड्याला लायब्ररीत भेटू लागलो. सुरुवात एकमेकांच्या रडगाण्यांनीच होते. सगळ्यात मोठं रडगाणं परवानग्यांचं. इथे माणसाला साधी प्रश्नावली द्यायची तरी विद्यापीठाच्या नीतिसमितीसमोर अर्ज करावा लागतो, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला हात लावायचा तर त्यासाठी वेगळी समिती. मी कुरकुरत होते तेव्हा नर्सिंगवालीने अमेरिकेतल्याच टस्कीगीच्या सरकारी अभ्यासाची आठवण करून दिली. १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचाराविना नुसतं ‘बघत’ ठेवलं होतं. आता मी अर्ज मुकाट्याने भरते.

भेटींमधून उसनवारीही सुरू झाली. सॅलमँडरच्या कातडीखाली रंगीत लवचीक द्रव्याचा बारीकसा ठिपका टोचून त्याला खूण करता येते. ५० खुणेचे सोडले, पुढच्या फेरीत ४० पकडले, त्यात खुणेचे १० निघाले, तर एकूण असतील सुमारे २००. ही त्रैराशिकाची युक्ती माश्यांसाठी, बदकांसाठी वापरली गेली. रोग्यांसाठीही ती चालते, हे मला नर्सिंगवालीनेच सांगितलं. रुग्णालयाची यादी ही पहिली पकड, प्रयोगशाळेची यादी ही दुसरी. दोन्हींत आलेली नावं म्हणजे खुणेचे सॅलमँडर. त्यावरून कुठल्याच यादीत नसलेल्यांचा अंदाज येतो. अट एवढीच की दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. रुग्णालयच प्रयोगशाळेत पाठवत असेल तर गणित कोसळतं.

एका गोष्टीत मात्र तिघांचे विषय खरोखरच एकत्र आले. २०१३ साली एका नव्या बुरशीचं वर्णन प्रसिद्ध झालं. ती सॅलमँडरची कातडी खाते. नेदरलँड्समधल्या फायर सॅलमँडरांची संख्या तोवर सुमारे ९६ टक्क्यांनी घसरली होती. ही बुरशी मूळची आशियातली, आणि युरोपात पोचली ती बहुधा पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्राण्यांबरोबर. म्हणजे रोगाचा प्रश्न, जंगलाचा प्रश्न आणि ‘कुणी काय विकत घेतं’ हा प्रश्न, एकाच जिवाच्या कातडीवर. अमेरिकेने जानेवारी २०१६ मध्ये सॅलमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. पुढे देशभरातून ११ हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. निकाल: बुरशी आढळली नाही. ‘आढळली नाही’, ‘इथे नाही’ असं नव्हे. पूर्वी मला हा शब्दच्छल वाटला असता. दर खेपेला जंगलात शिरण्याआधी आणि निघताना मी ब्लीचच्या पाण्याने बूट धुते, सेमेलवाइसचाच क्लोरिन.

या सगळ्यात एकदा मी उलट बाजूची चूक सांगितली, आणि ती गोष्ट आपल्या रानपिंगळ्याची. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता. मध्ये फक्त एक नोंद होती, रिचर्ड माइनर्टझाहागन या इंग्रज अधिकाऱ्याची, १९१४ साली गुजरातेत मिळवल्याची. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी छडा लावला, तर तो नमुना जुन्याच संग्रहातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून खपवलेला निघाला. ती नोंद बाजूला सारून, उरलेल्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भिस्त ठेवून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षं. मार्केटिंगवाला म्हणाला, “म्हणजे एक खोटा ‘हो’ शंभर ‘नाहीं’ना पुरून उरला.” शास्त्र म्हणून हे वाक्य जरा सैल आहे, पण मी खोडलं नाही.

पोस्टरला बक्षीस मिळालं नाही हे सांगायला नकोच. नकाशा मी बदलला. पांढऱ्या ठिपक्यांच्या आता फिकट-गडद छटा आहेत, जितक्या फेऱ्या जास्त तितका रंग ठाम. काही जागा नुसत्या राखाडी ठेवल्यात. अ‍ॅडव्हायझर बाईंना ते दिसायला घाण वाटतं. वाटू दे.

गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर ते दोघं हौसेने माझ्याबरोबर जंगलात आले. मार्केटिंगवाल्याने पहिली फळी उचलली, वाकून वाकून बघितलं, आणि निराश होऊन म्हणाला, “काहीच नाही.” नर्सिंगवालीने वही आधीच उघडली होती. “किती वाजले?” तिने विचारलं. “आणि मातीचं तापमान सांग. ही कितवी फेरी?”