क्लचचं काम, भाग 3: प्लेट ठरली, अडलो बेअरिंगपाशी

क्लच बदलायला माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा गिअरबॉक्स एकदाचा खाली आला. ट्रान्सफर केससकट (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) एकदम उतरवायचा हट्ट मात्र अंगाशी आला. जॅकवर ते सगळं धूड एका बाजूला कलंडायला लागलं तेव्हा पोटात गोळाच आला. पुढच्या वेळी केस आधी सुटी करणार.

जुन्या क्लच प्लेटचं लायनिंग (पकड घेणारा थर) झिजून रिव्हेटच्या डोक्यांना टेकलं होतं, ते अपेक्षितच होतं. पण एका बाजूला ती काळी, गुळगुळीत आणि बोटाला तेलकट लागली. वास घेऊन पाहिला. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास नव्हता, म्हणजे तेल इंजिनचं, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून पाझरलेलं. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही, त्यात या सीलचाही हात होता. ते तसंच ठेवून नवी प्लेट बसवणं म्हणजे तिलाही तेलात बुडवणं, म्हणून सील यादीत सगळ्यात वर.

आता प्लेट. सिरॅमिकचा मोह मलाही झाला. उष्णता ती जास्त सोसते, खरं आहे. पण ती पकडते एकदम, आणि दगडांवरून इंचाइंचाने गाडी चढवताना मला अर्धा सुटलेला क्लच लागतो. धक्का बसला की चाक घसरलंच. शिवाय लो रेंज (ट्रान्सफर केसमधला हळू पण जोरकस गिअर) टाकली की क्लचवरचा ताण तसाही निम्म्याहून खाली येतो. त्यामुळे साधं ऑरगॅनिक लायनिंगच ठेवलं. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेटही मूळ ताकदीचीच. जास्त जोराची घेतली तर पेडल जड होतं आणि प्रत्येक दाबाला क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवर) भार वाढतो. जुन्या इंजिनाला तो कशाला?

प्लेटच्या डब्यावरच्या गाडीच्या मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवू नका. इतक्या वर्षांत कुणी कोणता गिअरबॉक्स घातलाय, देव जाणे. माझ्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला (प्लेट ज्यावर बसते त्या दांड्याला) 10 दाते, पहिल्या डब्यातल्या प्लेटला 14! बाहेरचा व्यास मात्र तंतोतंत तोच. आता व्यास, दाते आणि हबची (प्लेटच्या मधल्या दातेरी भागाची) उंची तिन्ही मोजतो, आणि प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघतो. अडखळता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. हब जास्त पुढे आलं तर फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) बोल्टना घासतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला रिलीज बेअरिंगने (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटवर टेकून क्लच सोडवणारं). क्लच किटमधलं बेअरिंग बोटाने फिरवलं तर भिंगरीसारखं सुटलं आणि खळखळलं. त्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही. चांगलं बेअरिंग आतल्या ग्रीसमुळे जरा जड, पण मुकाट फिरतं. किटमधला सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि तो वाजायला लागला की पुन्हा अख्खा गिअरबॉक्स खाली! वेगळं मागवलं.

फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा आहेत. लेथवर फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) दिलंय; चिरा खोल निघाल्या तर तेही बदलावं लागेल. पायलट बुश (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) ब्राँझचं आहे, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवलंय.

सील अजून आलेलं नाही. तोवर प्लेट सेंटर करायला त्याच गिअरबॉक्सचा एखादा निकामी इनपुट शाफ्ट कुणाकडे पडून असेल तर शोधतोय.