१६ टक्क्यांवर अडकलेली तडजोड

२०२२ मध्ये एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या ट्रायब्युनलने, आमच्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करायची ऑर्डर दिली, तेव्हा मला वाटलं केस टाकणाऱ्या सप्लायरचे पैसे देऊन टाकू, विषय संपला. दिलेही. पण जमवाजमव करेपर्यंत महिना होत आला होता आणि तोवर ट्रायब्युनलने नेमलेल्या आयआरपीने, म्हणजे कंपनीचा कारभार तात्पुरता हाती घेणाऱ्या माणसाने, जाहिरात देऊन सगळ्यांचे क्लेम मागवले, क्रेडिटर्सची म्हणजे कर्ज देणाऱ्यांची कमिटीही बसली. कमिटी बसायच्या आधी मिटवलं असतं तर थेट ट्रायब्युनलकडे जाता आलं असतं, २०१९ च्या स्विस रिबन्स निकालात सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय. आता दिवाळखोरी कायद्याचं कलम १२ए, म्हणजे केस मागे घ्यायला कमिटीची ९० टक्के मतं, आणि ती डोकी मोजून नाही, ज्याचं कर्ज मोठं त्याचं मत मोठं.

त्या ऑर्डरविरुद्ध अपील एनसीएलएटीकडे, म्हणजे वरच्या ट्रायब्युनलकडे. मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर वर १५, पुढे एक दिवसही नाही. मी आपला कॉपी हातात आली की दिवस मोजू म्हणून बसलेलो, वकील ओरडलेच, दिवस निकाल सुनावला तिथून धरतात, सर्टिफाइड कॉपीचा अर्ज आधी टाका! कंपनी आयआरपीच्या ताब्यात, म्हणून अपील माझ्या नावाने, सस्पेंडेड डायरेक्टर, म्हणजे अधिकार काढून घेतलेला संचालक. वाचतानाच कसंतरी होतं.

खरी कसरत पुढे होती. कमिटीत बँकेकडे ८४ टक्के मतं, फायनान्स कंपनीकडे १६. बँक तडजोडीला तयार, फायनान्सवाले म्हणे पूर्ण पैसे हवेत. ८४ ने भागत नाही, म्हणजे सगळ्या नाड्या १६ वाल्यांच्या हातात. मग मी अतिशहाणपणा केला, त्यांना थोडे जास्त देऊ म्हटलं, ते बँकेला कळलं आणि बँकच फिरली. दोघांना एकत्र बसवायलाच कित्येक आठवडे गेले. शेवटी कर्जाचा टक्का दोघांना सारखा, फक्त फायनान्सवाल्यांना एकरकमी आणि बँकेला हप्त्यांनी, असं जमलं. अर्ज आयआरपीमार्फत गेला, त्याला तोवरच्या खर्चाची बँक गॅरंटी जोडावी लागते, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं, एफडी मोडली.

केस मागे घेतली गेली, मग अपिलात काही उरलंच नाही, तेही निकाली काढलं. जिंकलो असं नाहीच, पण अपील डोक्यावर होतं म्हणून दोघं बोलत राहिले असं मला वाटतं. नंतर खात्यावरची सही परत चालू करायला गेलो तर काउंटरवर पहिलं काय मागितलं, सर्टिफाइड कॉपी. या वेळी बॅगेत तीन होत्या.