दोन वळसे

रविवार, रात्रीचे साडेदहा

आईनं सकाळी माझी कॉफी पूर्ण प्यायली. "छान झालीय" म्हणाली, कप विसळून पालथा घातला. आणि तासाभरानं स्वयंपाकघरातून सहाणेवर जायफळ उगाळल्याचा आवाज आला.

मी बाहेरच्या खोलीत होते. उठले नाही. पातेलं गॅसवर चढलं, साखरेचा डबा उघडला, झाकण लागलं. ती स्वतःसाठी कॉफी करत होती. माझी पिऊन झाल्यावर.

एवढंसं कारण, पण दिवसभर मनातून गेलं नाही. "नाही आवडली" म्हणाली असती तरी चाललं असतं. छान म्हणायचं आणि मग गुपचूप दुसरी करायची, ते का?

तीन आठवडे मी एस्प्रेसोच्या मागे आहे, म्हणजे यंत्रातून गरम पाणी दाबानं पुडीतून काढून केलेल्या घट्ट, छोट्याशा कॉफीच्या. चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या बिया, मध्यम भाजलेल्या. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, २८ सेकंद. पहिला आठवडा नुसती आंबट. मग पूड आणखी बारीक दळली, धार मंदावली, मधासारखी जाड पडायला लागली आणि आंबटपणा गेला. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता! मग जायफळ. ते फक्त आईसाठी, कारण आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळाचीच. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवरून पाय ओढत घरी आलं की जिन्यातच तो वास यायचा. तोच मला एस्प्रेसोत हवा होता.

रविवार पेठेतून जायफळं आणली. किसून पुडीतच मिसळलं, नीट दाबून बसवलं. जायफळाची भुकटी दाण्यादाण्यांत जाऊन बसली, पाण्याला वाटच मिळेना. ४५ सेकंद झाली तरी थेंब थेंब. जे आलं ते कडूजहर, काढ्यासारखं. वेलदोड्याचंही तेच झालं. जायफळाचा वास त्याच्या तेलात असतो, तो स्निग्धात उतरतो. तेवढ्याशा पाण्यात, अर्ध्या मिनिटात काय उतरणार? म्हणून दुधात घालून दूध गरम केलं, उकळू दिलं नाही. आज दिली ती हीच. छोट्या कपात, वर जेमतेम दोन चमचे दूध. मला ती खरंच आवडली होती. अजूनही आवडते.

बाबा चहावाले, त्यांचा प्रश्नच नाही. दादाचा फोन आला होता. त्याबद्दल आज नको.

पण "छान". लहानपणी माझ्या वाकड्या रांगोळीलाही ती छानच म्हणायची. अजून तसंच का? माझं मन राखायला? मला खरं ऐकवणार नाही, असं वाटतं का तिला? दुपारी पडल्या पडल्या हेच. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

रात्री भांडी पुसत होती तेव्हा विचारलंच. "सकाळची कॉफी आवडली नव्हती ना?"

"आवडली की. पण अगं, दोन घोटांत संपली. मला पेपर होईपर्यंत कप हातात हवा असतो."

बस, एवढंच होतं.

एस्प्रेसो दोन घोटांतच संपते. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेरानं ज्या यंत्रासाठी पेटंट मागितलं, ते कप झटपट भरणारं होतं. इटलीत लोक अजूनही काउंटरशी उभ्या उभ्या पिऊन निघतात. आईला सकाळी कुठंच जायचं नसतं. पहिल्या पानापासून श्रद्धांजलीच्या जाहिरातींपर्यंत पेपर, आणि शेजारी वाफाळता कप. मी चव, धार, वजन, सगळं मोजलं, तिचा कप किती वेळ चालतो ते कधी बघितलंच नव्हतं.

मग तिनं सहाण पुढ्यात सरकवली. मी किसणीवर किसत होते ते तिला पटलेलं नव्हतं. थेंबभर दूध टाकलं, जायफळ माझ्या बोटांत धरवलं आणि वरून स्वतःचा हात ठेवून फिरवलं. गुटी उगाळतात तसं, सावकाश. सहाणेवर बदामी रंगाची साय आली आणि तो जिन्यातला वास.

"दोन वळसे. तिसरा दिलास की कडू."

उद्या मोठा कप, १५० मिली दूध, एस्प्रेसो त्यात. साखर ती घालेल. सहाण धुऊन ओट्यावर उभी करून ठेवलीय.