उसवलेली शिवण
वेंगुर्ल्याला महिन्यातून दोनदा माझी ओपीडी असते. मी मूळचा भूलतज्ज्ञ, पण आता निम्मा वेळ जुनाट दुखण्यांतच जातो. ऐन श्रावणात एक आजी आल्या, पदर डाव्या हाताने अंगापासून वीतभर लांब धरून. पोलक्याची डावी शिवण बगलेपासून खालपर्यंत उसवलेली. स्वतःच उसवली होती.

चार महिन्यांपूर्वी नागीण झालेली. खपल्या कधीच गेल्या, बरगडीवर पांढुरके डाग तेवढे उरलेले. "पदर लागलो तरी जीव जाता रे झिला," आजी म्हणाल्या. आधीच्या डॉक्टरांनी मनाचे खेळ म्हणून झोपेची गोळी दिलेली. सून काहीच बोलत नव्हती. तिचंही मत तेच असावं.

डागांवर सुई टोचली, तर आजींना पत्ताच नाही. मग कापसाची वात नुसती फिरवली. त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगड्यांचे वळ उठले. सून खुर्चीतून उठून उभी राहिली.

केसपेपरच्या पाठीवर तिला चित्र काढून दाखवलं. मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे मागच्या भागात, नस ग्लुटामेट हे निरोप्या रसायन सोडते. रोजच्या कामाला ते झेलणारे आम्पा रिसेप्टर, म्हणजे पुढच्या पेशीवरची दारं, पुरतात. शेजारच्या एनएमडीए रिसेप्टरच्या वाटेत मॅग्नेशियमचा कण अडसरासारखा बसलेला असतो. विषाणूने दुखावलेली नस रात्रंदिवस बोंबलत राहिली की तो अडसर निसटतो, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी हळवी होते. त्यात गाबा आणि ग्लायसिन या निरोप दाबणाऱ्या रसायनांच्या रिसेप्टरांचा धाक सैल पडला, तर साध्या स्पर्शाचे तंतूही वेदनेच्या वाटेला लागतात.

"म्हणजे नाटकां नाय ती?" एवढंच तिने विचारलं. माझ्या आकृतीपेक्षा तो कापूसच तिला पटला होता.

गॅबापेन्टिन सुरू केलं, रात्री 100 मिलिग्रॅम. वय आणि किडनी बघून हळूहळू वाढवत. नाव फसवं आहे: गाबाच्या रिसेप्टरला ते शिवतही नाही. नसेच्या टोकाशी कॅल्शियमच्या वाटेला चिकटतं आणि ग्लुटामेट कमी सुटतं. पहिल्या आठवड्यात आजींना गरगरलं, त्यांनी मला शिव्याही घातल्या म्हणे.

दीड महिन्याने आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता. शिवण खालून चार बोटं घातलेली. वरची अजून उघडीच.