मेंदूची दुखापत आणि नुकसानभरपाईचा दावा : माझा अनुभव

माझे यजमान राज्य शासनाच्या एका खात्यात तारतंत्री (वायरमन) आहेत. २०२१ च्या पावसाळ्यात एका शासकीय वसतिगृहाच्या आवारातला दिवा दुरुस्त करताना ते शिडीवरून पडले, डोके फरशीवर आपटले आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. रुग्णालयात आणले तेव्हा शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात पंधरापैकी नऊ गुण होते. शस्त्रक्रियेने जीव वाचला. पुढे ते चालू लागले, बोलू लागले, पाहुण्यांची विचारपूस करू लागले, आणि नेमके तेच आमच्या दाव्याच्या आड आले, कारण समोर बसलेल्या माणसाला त्यांच्यात काही बिघडल्याचे दिसतच नव्हते.

पहिली अडचण केसपेपरची. सोबतच्या मदतनिसाने अपघात विभागात ‘शिडीवरून पडले’ एवढेच सांगितले आणि तेवढेच लिहिले गेले. शिडी कोणाची, काम कोणाचे, याचा त्यात उल्लेख नव्हता. पुढे खात्याने ‘सदर कर्मचारी घटनेच्या वेळी कर्तव्यावर असल्याची खातरजमा होत नाही’ असे पत्र दिले, तेव्हा कामी आली ती वसतिगृहाची तक्रार नोंदवही. आवारातला दिवा बंद असल्याची नोंद, तिच्यासमोर त्याच दिवशीची यजमानांची सही आणि ‘काम चालू’ असा शेरा. अधीक्षकांनी त्या पानाची सही-शिक्क्यानिशी नक्कल दिली नसती, तर दावा तिथेच अडकला असता. पोलीस ठाण्यातली स्टेशन डायरीची नोंद आणि रुग्णालयातली वैद्यकीय-न्यायिक नोंद यांच्या प्रमाणित प्रती मी याच सुमारास मिळवल्या. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्यायची, हे मला माझ्या थोरल्या दिरांनी बजावले होते. ते स्वतः तहसील कचेरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचा तोंडी आश्वासनांवर मुळीच विश्वास नाही.

पगार चालू राहावा म्हणून आम्ही महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील विशेष विकलांगता रजा मागितली. कर्तव्य बजावताना झालेल्या दुखापतीसाठी ही रजा चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि ती नेहमीच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही. आमच्या कार्यालयातल्या टेबलावर ती कोणी फारशी पाहिलेली नव्हती, त्यामुळे आधी अर्जित रजा संपवण्याचा सल्ला मिळाला. नियमाची प्रत जोडून पुन्हा अर्ज केल्यावर फाइल वर गेली आणि बऱ्याच त्रुटी निघून, त्यांची पूर्तता होऊन, मंजूर होऊन आली.

नुकसानभरपाईचा अर्ज मात्र वेगळा, आणि तो तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खाली दोन वर्षांच्या आत करावा लागे. ‘हा कारखान्यातल्या कामगारांचा कायदा, सरकारी माणसाचा इथे काय संबंध?’ असे मला कार्यालयात एकापेक्षा जास्त जणांनी समजावले. प्रत्यक्षात या कायद्याच्या कलम २(२) नुसार शासनाच्या खात्याचे कामकाज हाच त्या खात्याचा धंदा समजला जातो, आणि विजेच्या तारा, खांब व जोडण्या यांच्या दुरुस्तीवरचे कामगार दुसऱ्या अनुसूचीत येतात. आमच्या वकिलांनी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे मांडले आणि तो मुद्दा पुढे फारसा ताणला गेला नाही. महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखालचे आयुक्त म्हणून काम पाहतात, त्यामुळे आमचे प्रकरण तिथेच चालले.

खरी लढाई टक्क्यांची होती. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हात, पाय, बोटे आणि डोळे यांचे टक्के ठरवून दिले आहेत. अंगठा गेला तर तीस, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर चाळीस. मेंदूच्या दुखापतीला तिथे आकडाच नाही. अशा वेळी कमावण्याची क्षमता किती टक्के कमी झाली, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मंडळाने दिलेल्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर पंचेचाळीस टक्के होते, तेही प्रामुख्याने डाव्या हाताच्या अशक्तपणासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मेंदूला झालेली इजा असा स्वतंत्र प्रकार नाही, म्हणून विस्मरण, एकाएकी येणारा राग आणि सुरू केलेले काम अर्ध्यावर सोडून उठणे, हे सगळे त्या प्रमाणपत्राच्या बाहेरच राहिले. खात्याने साहजिकच पंचेचाळीसचाच आकडा धरला.

आम्हाला वाट दाखवली ती न्यूरोसर्जननी. त्यांनी यजमानांना चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले आणि मला सांगितले की तारतंत्री दिवसभरात जी जी कामे करतो त्यांची यादी करून आणा. मी आणि यजमानांचे एक जुने सहकारी अशा दोघांनी बसून ती केली: मुख्य स्वीच बंद करणे, तो कोणी चालू करू नये म्हणून पाटी लावणे, टेस्टरने खात्री करणे, शिडी टेकवणे, वर चढणे, वायर सोलणे, जोडणी, पुन्हा तपासणी. मानसशास्त्रज्ञांनी हाच क्रम यजमानांना तोंडी सांगायला लावला. त्यांनी सगळ्या पायऱ्या सांगितल्या, पण स्वीच बंद करण्याची पायरी शिडीवर चढल्यानंतर आली, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर ती आलीच नाही. आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडण्याच्या चाचणीत तर ते निम्म्यावरच थांबले. त्यातच अपघातानंतर त्यांना झटके येऊ लागले होते आणि झटके येणाऱ्या माणसाला उंचीवर किंवा विजेच्या कामावर पाठवता येत नाही. न्यूरोसर्जननी हे सर्व कारणांसह लिहून कमाईच्या क्षमतेतील घट सत्तर टक्के ठरवली आणि साक्षीलाही आले. डॉक्टर साक्षीला येतील की नाही, हे प्रमाणपत्र घेण्यापूर्वीच विचारून ठेवावे, कारण नुसत्या कागदाची किंमत उलटतपासणीपर्यंतच टिकते.

खात्याच्या वकिलांनी माझीही उलटतपासणी घेतली. तुमचे पती एकटे देवळात जातात का, मोबाइल वापरतात का, मला ओळखतील का, असे प्रश्न होते आणि सगळ्यांचे खरे उत्तर ‘हो’ होते. मी हो म्हटले. मग खात्याने शिरस्त्राण न घातल्याचा मुद्दा काढला. सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला असेल तर मालकाची जबाबदारी टळू शकते. माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या भांडार नोंदवहीत त्यांच्या नावावर पक्कड, टेस्टर आणि रबरी हातमोजे दिल्याच्या नोंदी होत्या, शिरस्त्राणाची एकही नव्हती.

शेवटचा युक्तिवाद मला सर्वांत टोचला. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम, नाहीतर अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेले) पद द्यावे लागते. त्यानुसार यजमानांना कार्यालयात बसवले गेले होते. खाते म्हणाले, पगार तोच आहे, मग नुकसान कसले? एका कायद्याने दिलेले संरक्षण दुसऱ्या कायद्याचा हक्क नाकारायला वापरले जात होते. आमच्या वकिलांनी मांडले की कायदा हातात पडणाऱ्या पगाराबद्दल नव्हे, तर कमावण्याच्या क्षमतेबद्दल बोलतो. उद्या ही नोकरी नसती तर या माणसाला तारतंत्री म्हणून कोणी उभे केले असते का? त्यासोबत त्यांनी प्रताप नारायण सिंह देव प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दाखवला, ज्यात डावा हात गमावलेल्या सुताराची क्षमता पूर्णपणे गेली असे मानले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. न्यायालयाने आमचा मुद्दा मान्य केला, पण उजव्या हाताने व बसून करण्याजोगे काही काम शक्य असल्याचे सांगून घट साठ टक्के धरली.

हिशेब असा झाला. पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार महिन्याचे १५,००० रुपयेच धरले जात. त्याचे कायद्यानेच ठरवलेले साठ टक्के म्हणजे ९,०००. अपघाताच्या वेळी यजमान चाळीस वर्षांचे असल्याने कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे वयाचा गुणक १८४.१७, गुणाकार १६,५७,५३०, आणि क्षमतेतील घट साठ टक्के म्हणून ९,९४,५१८ रुपये. या दोन साठांची गल्लत होते, म्हणून सविस्तर लिहिले. त्यावर बारा टक्के सरळ व्याज मिळाले, दंड मात्र मिळाला नाही. या प्रकरणात रक्कम आयुक्तांकडे जमा झाली आणि मोठा भाग यजमानांच्या नावे मुदत ठेवीत ठेवला गेला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे, त्यामुळे नव्या अपघातासाठी अर्ज करणाऱ्यांनी वर दिलेली कलमे तशीच उतरवून न घेता वकिलांकडून नवी पाहून घ्यावीत. आमचे खासगी रुग्णालयाचे बिल वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी खात्याकडे अजून पडून आहे, आणि त्याची नवी त्रुटी परवाच आली: मूळ डिस्चार्ज कार्ड जोडावे.