तक्त्यात पहिल्या, तरी बाहेर

2017-18 मध्ये इंग्लंडच्या महिला सुपर लीगचा दुसरा स्तर डॉनकास्टर रोव्हर्स बेल्स या क्लबनं जिंकला. जिंकणारा वर जातो, ही फुटबॉलची साधी रीत. बेल्स मात्र वर गेल्या नाहीत आणि आहे तिथेही राहिल्या नाहीत. त्याच उन्हाळ्यात पैशाचं गणित जमेना म्हणून त्या दुसरा स्तर सोडून खाली उतरल्या. त्यांच्या मागे दुसरा आलेला ब्रायटन सुपर लीगमध्ये गेला. तिसऱ्या स्तरात खेळणारा वेस्ट हॅम तर मधली पायरी न चढताच थेट पहिल्या स्तरात पोचला.

हे कसं झालं ते समजलं की या लीगची निम्मी गोष्ट समजते. त्या वर्षी कोण कुठे खेळणार हे गुणतक्त्यावर ठरलं नाही, परवान्यावर ठरलं. इंग्लिश फुटबॉल असोसिएशननं वरच्या दोन्ही स्तरांसाठी नव्यानं अर्ज मागवले होते. पहिल्या स्तरासाठी अट होती पूर्णवेळ व्यावसायिक संघाची: खेळाडूंना आठवड्याला किमान 16 तास प्रशिक्षण, पुढे ते 20 तासांवर न्यायचं. दुसऱ्या स्तरात अर्धवेळ खेळाडू चालणार होत्या, पण आठवड्याला किमान 8 तास हवेत, सामना वेगळा. शिवाय मैदान, वैद्यकीय कर्मचारी, मुलींचे युवा संघ आणि पुढच्या वर्षांचा ताळेबंद. यातल्या एकाही रकान्यात गेल्या मोसमात किती सामने जिंकलात असा प्रश्न नव्हता.

आठ तास ऐकायला किरकोळ वाटतात. ज्या मुली दिवसा शाळेत शिकवतात, दुकानात उभ्या असतात किंवा फिजिओथेरपी शिकतात, त्यांच्यासाठी ते आठवड्यातल्या तीन संध्याकाळी असतात, प्रत्येकी पावणेतीन तासांच्या. जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. त्यात बाहेरच्या मैदानावरचे सामने. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाचे 22 सामने, म्हणजे 11 प्रवास. डरहॅमहून पोर्ट्समथ पाचशे किलोमीटरच्या वर आहे. रविवारी दुपारी सामना संपवून बस निघाली की घर गाठेपर्यंत मध्यरात्र होते आणि सोमवारी सकाळी नोकरी. सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत अर्धवेळ संघ पूर्णवेळ संघासमोर कोलमडतो त्यामागे कौशल्याचा फरक असतोच, पण झोपेचा आणि विश्रांतीचाही तितकाच असतो. समालोचक 'फिटनेस कमी पडला' म्हणून मोकळे होतात. कमी पडलेला असतो तो विश्रांतीचा मंगळवार.

बेल्सवर ही पाळी पहिल्यांदा आली नव्हती. हा क्लब 1969 मध्ये पुरुषांच्या डॉनकास्टर रोव्हर्सच्या बेल व्ह्यू मैदानावर लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या मुलींनी काढला. इंग्लंडमध्ये महिलांना असोसिएशनशी संलग्न क्लबांची मैदानं 1921 पासून बंद होती आणि ती बंदी उठायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे बेल्सचा जन्म बंदीच्या काळातला. पुढे 1992 आणि 1994 मध्ये त्यांनी लीग आणि कप दोन्ही जिंकले. 2011 मध्ये आठ संघांची सुपर लीग सुरू झाली तेव्हा त्या अर्थातच तिच्यात होत्या. सुपर लीगला तेव्हा स्वतःचा खालचा स्तर नव्हता, त्यामुळे घसरण्याचा प्रश्नही नव्हता. मग 2014 पासून दुसरा स्तर काढायचं ठरलं आणि 2013 च्या एप्रिलमध्ये परवान्यांची यादी जाहीर झाली. पहिल्या स्तरात मँचेस्टर सिटी आला, बेल्स दुसऱ्यात. तेव्हा 2013 च्या हंगामात बेल्स फक्त एक सामना खेळल्या होत्या. उरलेला अख्खा हंगाम त्यांनी आपण खाली जाणार हे माहीत असताना खेळून काढला. वाढलेल्या ताटावरून उठवणं म्हणतात ते हेच.

निर्णयाची दुसरी बाजूही खोटी नव्हती. मँचेस्टर सिटीकडे पैसा होता, सरावाची उत्तम सोय होती, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या क्लबनं महिला फुटबॉलवर खरोखर खर्च केला. लीग मोठी व्हायची तर असे क्लब हवेतच. माझी हरकत वेळेला आहे. नियम हंगामाआधी सांगायचा असतो.

तर 2014 मध्ये दुसरा स्तर दहा संघांनी सुरू झाला: अॅस्टन व्हिला, बेल्स, डरहॅम, लंडन बीज, मिलवॉल, ऑक्सफर्ड, रेडिंग, संडरलंड, वॉटफर्ड आणि येओव्हिल. पहिल्याच वर्षी संडरलंड जिंकला आणि वर गेला. ल्युसी ब्राँझ, स्टेफ हॉटन, जिल स्कॉट, बेथ मीड या सगळ्या कधी ना कधी याच क्लबच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत खेळल्या. 2018 च्या परवाना फेरीत या संडरलंडला वरच्या दोन्ही स्तरांत जागा मिळाली नाही. तो तिसऱ्या स्तरात गेला आणि 2021 मध्ये परत दुसऱ्यात आला, तोही पुन्हा अर्जावरच, कारण कोविडमुळे खालच्या लीग दोन वर्षं अर्धवट राहिल्या होत्या.

त्याच 2018 च्या फेरीत मँचेस्टर युनायटेडला दुसऱ्या स्तराचा परवाना मिळाला. या क्लबनं 2005 मध्ये आपला महिला संघ बंद केला होता. तेरा वर्षांनी कोरा संघ उभा राहिला, प्रशिक्षक केसी स्टोनी, खेळाडू पूर्णवेळ. पहिलाच लीग सामना अॅस्टन व्हिलाच्या मैदानावर, निकाल 12-0. हंगामाअखेर 20 सामन्यांत 18 विजय, 98 गोल केले, 7 खाल्ले. बघायला मजा आली, पण या आकड्यांचा अर्थ 'युनायटेड भारी' एवढाच नाही. एका लीगमध्ये पूर्णवेळ आणि अर्धवेळ संघ एकत्र ठेवले की काय होतं, त्याचं हे प्रात्यक्षिक होतं. उरलेल्या दहा क्लबांसाठी पहिल्या क्रमांकाची शर्यत पहिल्या दिवशीच संपली. त्या वर्षी वर जायला दोन जागा होत्या म्हणून दुसरा आलेला टॉटनहॅमही वर गेला.

त्यानंतर मात्र वर जायला जागा एकच राहिली, आणि ते या स्तराचं खरं दुखणं. 2019-20 पासून वर्षानुवर्षं फक्त पहिला संघ वर, आणि वरून फक्त शेवटचा खाली. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे सारखेच. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही वाईट. ज्याच्याकडे पैसा आहे तो एका वर्षात सगळा डाव लावतो. नाही जमलं तर पुढच्या वर्षी मालक विचारतो की एवढे पैसे गेले कुठे. ज्याच्याकडे नाही तो आपण पहिले येणार नाही हे ओळखून फक्त टिकण्यापुरता खर्च करतो. मधला क्लब, म्हणजे दरवर्षी थोडा वाढणारा, या रचनेत तयारच होत नाही. जो वर जातो त्याला तयारीला जेमतेम एक उन्हाळा मिळतो. ब्रिस्टल सिटी 2023 मध्ये वर गेला, 2024 मध्ये खाली. क्रिस्टल पॅलेस 2024 मध्ये वर, 2025 मध्ये खाली. लिव्हरपूल 2022 मध्ये वर गेला तो टिकला, पण त्या क्लबचं नाव लिव्हरपूल आहे.

आता पैसा नेमका कुठून येतो ते पाहू, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या स्तरातल्या बहुतेक महिला संघांचा खर्च तिकीटविक्रीतून निघत नाही, तो पुरुषांच्या क्लबकडून येतो. म्हणजे महिला संघाचं नशीब दुसऱ्याच्या गुणतक्त्याला बांधलेलं. रेडिंग 2023 मध्ये सुपर लीगमधून खाली आला, त्याच सुमारास पुरुषांच्या क्लबचे आर्थिक हाल सुरू होते. आधी संघ पूर्णवेळचा अर्धवेळ झाला आणि 2024 च्या उन्हाळ्यात परवान्याच्या अटी परवडत नाहीत म्हणून दुसऱ्या स्तरातून थेट पाचव्या स्तरात. ब्लॅकबर्न रोव्हर्सनंही 2025 च्या मे महिन्यात अशाच कारणानं दुसरा स्तर सोडला. वुल्व्ह्जची तऱ्हा आणखी निराळी: 2024-25 मध्ये संघ तिसऱ्या स्तरात बढतीच्या शर्यतीत होता आणि हंगाम सरता सरता खेळाडूंना कळलं की क्लबनं वरच्या स्तरासाठी अर्जच केलेला नाही.

असा क्लब गळला की बाकीच्यांची मांडणी कशी बदलते, याची बेरीज करून बघा. 2023-24 मध्ये दुसऱ्या स्तरात बारा संघ. पॅलेस वर गेला, ब्रिस्टल खाली आला. लुईस आणि वॉटफर्ड घसरले, न्यूकॅसल आणि पोर्ट्समथ तिसऱ्या स्तरातून आले. झाले पुन्हा बारा. मग रेडिंग गेला, उरले अकरा, आणि 2024-25 चा हंगाम प्रत्येकी 22 ऐवजी 20 सामन्यांचा झाला. त्या हंगामानंतर लंडन सिटी वर, पॅलेस परत खाली, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि इप्सविच खालून आत. ब्लॅकबर्न बाहेर. तळाशी राहिलेला शेफिल्ड युनायटेड नियमानं जायला हवा होता, तो बचावला. झाले बारा. शेफिल्डला मैदानावर न मिळालेली जागा दुसऱ्याच्या हिशेबाच्या वहीनं मिळवून दिली.

गळतीचं सगळ्यात जवळून दिसणारं उदाहरण मात्र कॉव्हेंट्री युनायटेडचं. 2021 च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या दोन दिवस आधी, क्लब गाशा गुंडाळतोय असं खेळाडूंना कळलं. त्याच वर्षी त्या पूर्णवेळ झाल्या होत्या, म्हणजे काहींनी नोकऱ्या सोडलेल्या. जानेवारीत शेवटच्या क्षणी नवा मालक मिळाला, पण दहा गुणांची वजाबाकी झाली. हंगामाचा शेवटचा सामना वॉटफर्डशी. बरोबरी झाली असती तर कॉव्हेंट्री खाली गेला असता. 97 व्या मिनिटाला फ्री किक मिळाली आणि मॉली ग्रीननं ती थेट जाळ्यात घातली. 1-0. वॉटफर्ड घसरला. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीही घसरला, हे त्या गोलच्या चित्रफिती फिरवणारे सांगत नाहीत.

पुरुषांच्या क्लबशिवाय चालणारे दोन नमुने या लीगनं पाहिलेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. डरहॅम हा 2014 मध्ये एक स्थानिक मुलींचा क्लब आणि डरहॅम विद्यापीठ यांच्या एकत्र येण्यातून झाला. विद्यापीठाचं मेडन कॅसल हे त्यांचं मैदान. खर्च बेताचा, आणि पहिल्या वर्षापासून ते सलग याच स्तरात आहेत. लंडन सिटी लायनेसेस हा 2019 मध्ये मिलवॉलपासून वेगळा झालेला क्लब. 2023 च्या डिसेंबरमध्ये तो अमेरिकी उद्योजक मिशेल कँग यांनी घेतला, ज्यांच्याकडे फ्रान्सचा लिऑन आणि अमेरिकेचा वॉशिंग्टन स्पिरिट हे संघही आहेत. कोसोव्हारे अस्लानीसारखी स्वीडनची अनुभवी खेळाडू दुसऱ्या स्तरात उतरली. 2025 च्या मेमध्ये शेवटच्या दिवशी बर्मिंगहॅमच्या मैदानावर बरोबरी पुरेशी होती. ती 2-2 झाली आणि लंडन सिटी वर. बर्मिंगहॅमनंही भरपूर खर्च केला होता. दुसरा येऊन तो तिथेच राहिला, एका जागेच्या नियमामुळे.

2024 मध्ये दोन्ही स्तरांचा कारभार असोसिएशनकडून क्लबांच्याच कंपनीकडे गेला. सुरुवातीला प्रीमियर लीगनं 2 कोटी पौंडांचं बिनव्याजी कर्ज दिलं. मध्यवर्ती उत्पन्नाची वाटणी पहिल्या स्तराला 75 टक्के, दुसऱ्याला 25. इंग्लंडच्या माजी खेळाडू कॅरन कार्नी यांच्या 2023 च्या अहवालानं वरचे दोन्ही स्तर पूर्णवेळ व्यावसायिक करा असं सुचवलं होतं, त्या दिशेनं 2025-26 पासून दोन्हीकडे किमान वेतन आलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुपर लीग 2026-27 पासून 14 संघांची करायचं ठरलं. त्यासाठी 2025-26 च्या अखेरीस दुसऱ्या स्तरातले पहिले दोन थेट वर, आणि तिसऱ्याचा सुपर लीगमधल्या शेवटच्याशी प्ले-ऑफ, म्हणजे जागेसाठीचा निर्णायक सामना. पुढे एक थेट आणि एक प्ले-ऑफनं, अशी वाट राहणार. म्हणजे दुसरं येण्याला पुन्हा किंमत आली. माझ्या मते किमान वेतनापेक्षाही हा बदल मोठा आहे, कारण मालकाला दोन-तीन वर्षांचा आराखडा मांडता येतो. उलट बाजू अशी की किमान वेतनानं परवाना आणखी महाग झाला. पुढचा रेडिंग किंवा ब्लॅकबर्न कोण, हे शोधायचं असेल तर गुणतक्त्यापेक्षा पुरुषांच्या क्लबची स्थिती आधी बघावी.

आपल्याकडचा इंडियन विमेन्स लीगचा दुसरा स्तर 2023-24 मध्ये सुरू झाला, तो एका बाबतीत इंग्लंडच्या पुढे आहे: पहिल्यापासून दोन जागा. त्या वर्षी कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाची नीता अकादमी वर गेली, पुढच्या वर्षी दिल्लीचा गढवाल युनायटेड आणि गोव्याची सेसा अकादमी. वरून खाली येणंही खरं आहे. 2023-24 चा विजेता ओडिशा एफसी पुढच्याच हंगामात घसरला. आठ संघांच्या वरच्या लीगमध्ये दोन जाणार, दोन येणार, म्हणजे दरवर्षी चौथा हिस्सा बदलतो.

पण आपला दुसरा स्तर एकेका ठिकाणी एकेक गट खेळवून, मग अंतिम फेरी घेऊन, काही आठवड्यांत आटोपतो. इंग्लंडमधली तळाची अर्धवेळ खेळाडूही सप्टेंबर ते मे अशी वीस-बावीस लीग सामने खेळते. सेसासारख्या अकादमीतली अठरा वर्षांची मुलगी दुसऱ्या स्तरातून वर आली, तर चौदा सामन्यांचा हंगाम कसा खेळायचा, दुखऱ्या घोट्याला कधी विश्रांती द्यायची, हे ती तिथे पोचल्यावर शिकते. राज्यातली लीग सहा-सात महिने चालली तर हे खालीच शिकता येईल. त्यासाठी आठवड्याला एक मैदान, एक रेफरी आणि एक रुग्णवाहिका लागते, आणि अडतं बहुतेक वेळा मैदानापाशी, कारण शनिवार-रविवारच्या वेळा पुरुषांच्या सामन्यांना आधीच दिलेल्या असतात.